रिकाम्या पात्राची पात्रता

मराठीत ‘पात्र’ हा शब्द मोठा अर्थसंपन्न आहे. पाणी पिण्याचे भांडे हे पात्र. नदी ज्यातून वाहते तेही पात्र. रंगभूमीवर जो दुसऱ्याचे सुखदुःख तास-दोन तास आपल्या अंगावर वागवतो, तोही पात्रच. आणि एखाद्या मानाला, पदाला वा दानाला जो योग्य ठरतो, त्यालाही आपण पात्र म्हणतो. ह्या सर्व अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना दिसते, ती धारण करण्याची. पात्रात काहीतरी मावले पाहिजे, त्याने काहीतरी वाहून नेले पाहिजे. जे काहीच धारण करीत नाही, ते अपात्र. भाषेने हा निवाडा फार पूर्वीच देऊन ठेवलेला आहे आणि आपणही तो विनातक्रार स्वीकारलेला आहे.

हा निवाडा कितपत खरा, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो पाइनच्या लाकडातून कातलेल्या काही वाडग्यांमुळे. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त कामगार ते करतात. वाडगे, सुरया, झाकणाचे करंडे असे नाना आकार ते घडवतात आणि ती सारी पात्रे निव्वळ शोभेची असतात. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी कौतुक करतो आणि लगेच विचारतो, “पण ह्यात ठेवायचं काय?”

लाकूडकामाशी पनवेलचे नाते तसे जुने आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून पनवेलच्या खाडीकाठी येऊ लागला. तेथून तो गलबतांनी मुंबईस जाई. ह्या वाहतुकीच्या जोरावर बैलगाडीची चाके बनविण्याचा धंदा येथे भरभराटीला आला आणि जुन्या गॅझेटियरकारांनीही त्याची आवर्जून नोंद केली. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरून लोखंडी धाव. चाकाच्या प्रत्येक अवयवाला काम नेमून दिलेले असते. तू कशासाठी आहेस, असे चाकाला कोणी विचारीत नाही. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली ती कर्जतमार्गे, पनवेलला बाजूला ठेवून. आज ह्या गावात बैलगाडीचे चाक पाहायचे तर एखाद्या उपाहारगृहाच्या दारात, शोभेसाठी टेकवून ठेवलेले पाहावे लागते. कालची उपयुक्त वस्तू आज अशी शोभेची होऊन बसते. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

पाइन हे काही आपल्या कोकणातले झाड नव्हे. हिमालयात चीड वाढतो, पण सह्याद्रीच्या ह्या उतारावर पाइनचे कूळ आपोआप उगवत नाही. नाताळात आपल्यापैकी अनेकांच्या घरी जे ‘ख्रिसमस ट्री’ उभे राहते, ते बहुधा समुद्रकाठच्या सुरूच्या फांदीचे असते. सुरू दिसायला पाइनसारखा, पण त्याचे कूळ अगदीच निराळे. असो. पनवेलला पाइन आला तो बंदरातून. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि परदेशी यंत्रांबरोबर त्यांच्या लाकडी पेट्याही येऊ लागल्या. कुठले लाकूड न्यूझीलंडचे, कुठले युरोपातले. बहुतेक पेट्यांवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाची अक्षरे आणि लाकडावर कोणता उपचार केला त्याची खूण जाळून उमटवलेली असते. लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवतात, नाहीतर विषारी धुरी देतात. धुरी दिलेल्या लाकडाला आमचे कारागीर हात लावत नाहीत.

यंत्र बाहेर निघाले की पेटीचे काम संपते. ती भंगारात वजनावर जाते आणि तेथून जुन्या लाकडाच्या वखारीत. काही फळ्यांची खोकी होतात, काहींचे स्वस्त बाकडे, उरलेले सरपण. पाइनमध्ये राळ असल्यामुळे तो पेटतोही चांगला. एखाद्या झाडाने थंड प्रदेशात तीस-चाळीस हिवाळे काढावेत, सातासमुद्रांपार एका यंत्राला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती उभे राहावे आणि अखेर कोणाच्या तरी बंबात जावे, असा हा प्रवास आहे.

अशाच एका वखारीतून हे गृहस्थ लाकूड आणतात. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी उभा जन्म लेथवर पोलादाचे दांडे कातले. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत त्यांनी लाकडासाठी एक लहान लेथ बसवला. अवजड यंत्राच्या पेटीखाली जे चार-चार इंची चौकोनी ओंडके असतात, ते त्यांना विशेष प्रिय. फळ्या मिळाल्या तर त्या एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा. आधी चुंबक फिरवून खिळे शोधायचे, कारण आत राहिलेला एक खिळा धारेचा सत्यानाश करतो. पोलाद आणि पाइन ह्यांतला फरक मी विचारला तेव्हा ते म्हणाले, “पोलाद सगळीकडं सारखं असतं, फादर. ह्याच्यात दर इंचाला निराळं लाकूड लागतं.”

ते काम करीत असताना तासभर जरी जवळ उभे राहिले, तरी ह्या वाक्याचा अर्थ कळतो. थंड देशातल्या झाडाच्या प्रत्येक वर्षाचे दोन भाग असतात. वसंतात भराभर वाढलेले लाकूड फिकट आणि मऊ, उन्हाळ्याच्या अखेरीस सावकाश वाढलेले गडद आणि कठीण. पाइनमध्ये हा भेद इतका तीव्र असतो, की नुसता पॉलिश पेपर घासत बसले तर मऊ भाग झिजतो, कठीण भाग तसाच राहतो आणि वाडग्याच्या अंगावर वळ्या उठतात. म्हणून अखेरचा हात धारदार पटाशीचाच हवा. शिवाय वाडग्यासाठी ठोकळा आडवा लावलेला असतो. त्यामुळे एका फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंची लांबी भेटते आणि दोनदा त्यांची तुटकी टोके. लांबीवर पटाशी सुरळीत धावते. टोकांपाशी धार जराही बोथट असली तर मऊ तंतू कापले न जाता उपटले जातात. आणि मग गाठी. जेथे कधी काळी फांदी फुटली होती तेथे गाठ असते, भोवतालच्या लाकडापेक्षा कितीतरी कठीण. फांदी जिवंत असताना खोडाने तिला वेढले असेल तर ती गाठ लाकडात एकजीव झालेली असते. फांदी वाळून गेल्यावर वेढले असेल तर गाठ सैल राहते आणि लेथच्या वेगात गोळीसारखी उडू शकते. सुताराच्या दृष्टीने गाठ हा दोष. हे गृहस्थ मात्र गाठ मुद्दाम वाडग्याच्या काठाशी येईल अशी योजना करतात. एवढ्यावर संपत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात गाठीतून राळ पाझरते आणि वरचे पॉलिश बिघडवते. तिला अडवायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख उत्तम. सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागीर पांगाऱ्याच्या लाकडावर जी लाख चढवतात, तिचीच ही बहीण. तिकडे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग लाकडाला धरतो. परदेशी पाइनची जुनी जखम आपल्याकडच्या लाखेने बुजते, ह्याचे मला उगीचच समाधान वाटते.

एवढा खटाटोप करून जे तयार होते, ते कशाच्याही कामाचे नसते. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. आपल्या आजीच्या काळची काठवट कठीण लाकडाची असे, तिच्यात पीठ मळले जाई, भाकरी थापली जाई. पाइन मऊ, तेल आणि हळद पिऊन बसतो, अन्नाला राळेचा वास लावतो. स्वयंपाकघराने त्याला नाकारले. वेदीवरही त्याला जागा नाही, कारण प्रभूचे रक्त ज्यात यायचे तो चषक द्रव शोषून न घेणाऱ्या पदार्थाचाच असावा, असा मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये नियम आहे आणि तो योग्यच आहे. घराने नाही म्हटले, देवघरानेही नाही म्हटले. प्राचीन चीनमधील ताओ विचारवंतांनी चाकाचा तुंबा आणि मातीचे भांडे ह्यांची उदाहरणे देऊन म्हटले होते की दोन्हींचा उपयोग त्यांच्या पोकळीत असतो. विचार सुंदर आहे. पण आमच्या पनवेलच्या ह्या वाडग्याची पोकळीदेखील निरुपयोगी आहे.

येथे मला संत ऑगस्टीनची आठवण होते. गुरुविद्यालयात त्यांचा ख्रिस्ती शिकवणुकीविषयीचा ग्रंथ आम्हाला अभ्यासावा लागला होता. त्यात ते वस्तूंचे दोन वर्ग पाडतात. काही वस्तू वापरण्यासाठी आणि काही त्यांच्यातच रमण्यासाठी. रमावे असा विषय त्यांच्या मते केवळ परमेश्वर. बाकी सारे त्याच्याकडे जाण्याची साधने. हा विभाग करून झाल्यावर ते स्वतःच एका अवघड वळणावर येतात. मग माणसाचे काय? माणसाने माणसाला वापरावे, की त्याच्यात रमावे? आणि देव आपल्यावर प्रेम करतो, ते आपल्याला वापरतो म्हणून की आपल्यात रमतो म्हणून? ऑगस्टीन म्हणतात की देवाला कशाचीच उणीव नाही, म्हणून तो आपल्यात रमतो असे म्हणता येत नाही. तो आपला वापर करतो, पण त्या वापराचा लाभ त्याला होत नसून आपल्यालाच होतो. तरुणपणी हे उत्तर मला शब्दांची कसरत वाटे. आता त्यात वेगळेच काही दिसते. ज्या वापरातून वापरणाऱ्याला काहीही मिळत नाही, त्याला वापर हा शब्द कितीसा शोभतो? ऑगस्टीनसारख्या भाषाप्रभूलाही येथे शब्द अपुरा पडलेला आहे. देवाच्या दृष्टीने पाहिले तर आपण सारेच बिनगरजेचे आहोत. त्याने विश्व निर्माण केले ते नडले म्हणून नव्हे.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका मानण्यासारखा नाही. बेथानीत एका स्त्रीने संगमरवरी कुपी फोडून जटामांसीचे मौल्यवान तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा ही नासाडी कशाला, असा प्रश्न विचारला गेला. ते तेल ३०० दीनारांहून अधिक किमतीचे होते आणि दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. जवळजवळ वर्षाची कमाई. हा प्रश्न यहूदाचा होता आणि तो चोर होता, असे संत योहान सांगतात. त्यामुळे आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण संत मत्तयच्या शुभवर्तमानात तो प्रश्न शिष्यांचाच आहे. म्हणजे चांगल्या माणसांचा. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जॉन ख्रिसोस्टम ह्यांनी अंत्युखियातील श्रीमंत भाविकांना ह्याहून कठोर शब्दांत सुनावले, की ख्रिस्त दाराबाहेर भुकेने मरत असताना त्याच्या वेदीवर सोन्याचे प्याले मांडण्यात काय अर्थ आहे. आपल्या आजूबाजूला, महामार्गाच्या पुलाखाली राहणारी कुटुंबे पाहिली की हा प्रश्न मलाही टोचतो.

पाइनचा वाडगा कोणा भुकेल्याच्या तोंडातून काढून घेतलेला नाही, तो भंगारातला आहे, असे सांगून मोकळे होता येईल. ती पळवाट आहे. लाकूड भंगारातले असले तरी वेळ भंगारातला नाही. त्या वेळात हे गृहस्थ वस्तीतल्या चार मुलांना लेथ शिकवू शकतील, आणि मी त्यांना तसे सुचवलेही आहे. सौंदर्याने माणूस आपोआप दयाळू होतो, असेही मी म्हणणार नाही. कलासक्त आणि तरीही निष्ठुर माणसे इतिहासाने पुष्कळ पाहिली आहेत. ख्रिसोस्टम ह्यांचा आक्षेप मी मान्य करतो, पण त्या आक्षेपात काय म्हटले आहे तेही नीट पाहायला हवे. गरीब हा सोन्याच्या प्याल्याहून अधिक उपयुक्त आहे, असे ते कोठेही म्हणत नाहीत. तो ख्रिस्त आहे, एवढेच म्हणतात. भुकेल्याची बाजू त्यांनी उपयोगाच्या तराजूवर मांडलेली नाही. त्या तराजूवर ती टिकलीही नसती.

माझी खरी काळजी येथेच सुरू होते. प्रत्येक वस्तूला ‘तू कशाच्या कामाची?’ असे विचारण्याची सवय एकदा जडली, की ती वस्तूंपाशी थांबत नाही. नवीन पनवेलच्या आणि खांदा कॉलनीच्या इमारतींतून मी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी जातो. मुले परदेशी, किंवा येथेच पण सकाळच्या लोकलने जाऊन रात्री परतणारी. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली एक वृद्ध माता मला म्हणाली, “फादर, मी आता कुणाच्या काय कामाची?” तिला कोणी घालूनपाडून बोलले नव्हते. सून तिचे सारे करीत होती. तरीही हा प्रश्न तिला पडला, कारण आयुष्यभर तिने स्वतःला कामानेच मोजले होते आणि आपणही तिला तसेच मोजले होते.

अशा वेळी आम्ही धर्मगुरू बहुधा सांगतो, की आजी, तुमच्या प्रार्थनेचा धर्मग्रामाला फार उपयोग आहे. हे खोटे नाही. दुःखितांची प्रार्थना ख्रिस्तसभेचे धन आहे, ह्यावर माझा विश्वास आहे. पण तिच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे. असे उत्तर देऊन आपण प्रार्थनाही जमाखर्चाच्या वहीत लिहितो आणि त्या माउलीला एक नवी नोकरी देऊन मोकळे होतो. उद्या स्मृती गेली, प्रार्थनेचे शब्दही आठवेनासे झाले, तर मग ती अपात्र ठरेल काय?

हा प्रश्न मुंबईने एकदा अगदी जवळून पाहिला आहे. के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या जवळजवळ जाणीवशून्य अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. मधली सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना न्हाऊ घातले, भरवले, कूस बदलून दिली. एवढ्या काळात त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत, ह्याचा उल्लेख न्यायालयानेही केला. त्यांचे अन्न थांबवू द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तीही कळवळ्यापोटीच. २०११ मध्ये न्यायालयाने ती नामंजूर केली. परिचारिकांचा तिला ठाम विरोध होता. उपचार कोठवर करावेत, कोठे थांबावे, हा निराळा आणि अवघड विषय आहे. आपली ख्रिस्तसभाही प्रत्येक रुग्णावर असाधारण उपचार लादावेत असे म्हणत नाही. मला येथे फक्त त्या परिचारिकांविषयी बोलायचे आहे. ज्या मूळच्या सहकारी होत्या त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी अरुणाला कधी हसता-बोलताना न पाहिलेल्या मुली आल्या आणि त्यांनीही तेच केले. त्यांत सर्व धर्मांच्या मुली असतील. अरुणा त्यांच्या कोणत्या कामाची होती? काम, मोबदला, कृतज्ञतेचा एक शब्द, ह्यांपैकी काहीही परत येणार नव्हते. ऑगस्टीनच्या ग्रंथात ज्या ठिकाणी शब्द अडखळतो, तेथे ह्या मुली न अडखळता चालत गेल्या.

लॉरेटोच्या लितानीत पवित्र मरियेला तीन वेळा पात्र म्हटले आहे. आपण ते म्हणतो आणि पुढच्या विनवणीकडे वळतो. तिने प्रभूला उदरी धारण केले म्हणून ती पात्र, असा अर्थ आपण सहज घेतो. पण बाळ जन्मल्यावर, वाढल्यावर, घर सोडून गेल्यावर, क्रुसाखाली उभी राहिल्यावर ती काय धारण करीत होती? ख्रिस्तसभेने तिची ती उपाधी पुढच्या एकाही दिवसासाठी काढून घेतलेली नाही. संत पौल फिलिप्पैकरांना लिहिताना तर प्रभूविषयीच म्हणतात की त्याने स्वतःला रिक्त केले. हे रिक्त होणे दुसरे काही भरून घेण्यासाठी होते, असे ते तेथे सांगत नाहीत.

गेल्या नाताळात त्या गृहस्थांनी आपले काही वाडगे धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या घरी पोहोचवले. ह्यातला एक त्या वृद्ध मातेच्या खिडकीत आहे. काठाशी गाठ असलेला, तळहाताएवढा. मी जानेवारीत ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो तेव्हा सूनबाई हसत तक्रार करीत होत्या. औषधांच्या पट्ट्या हाताशी असाव्यात म्हणून त्यांनी त्या वाडग्यात ठेवल्या होत्या. आजींनी बरा असलेला हात हलवून हलवून त्या काढायला लावल्या. नंतर किल्ल्या ठेवल्या, त्याही काढायला लावल्या. “काहीच ठेवू देत नाहीत, फादर,” सूनबाई म्हणाल्या, “नुसतं बघत बसतात.” वाडग्यात उन्हाची एक तिरीप पडली होती आणि आजींचे लक्ष माझ्याकडे नव्हते.